दिशा घेतली की वळायचं नाही

मी बास्केटबॉल खो-खोच्या नियमांनी शिकवला. एखाद्या दिवशी चुकून नाही, चांगली दोन वर्षं, शिट्टी गळ्यात अडकवून, पूर्ण आत्मविश्वासानं.

चूक कशी झाली ते सांगतो. मी मूळचा इतिहासाचा मास्तर. भिगवण आणि इंदापूरच्या मधे, हायवे सोडून आत गेलं की आमची शाळा. शाळेनं व्हॉलीबॉलचे खांब मागितले होते. टेम्पोतून उतरले ते बास्केटबॉलचे. परत पाठवायचे तर टेम्पोचं भाडं कोण देणार, म्हणून मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. म्हणाले, "सर, तुम्ही कॉलेजात खो-खो खेळत होता ना? मग लावा हे."

आता माझी खो-खोतली कारकीर्द ऐका. खो-खोत एक पळतो आणि बाकीचे ओळीनं बसलेले असतात. मी बाकीच्यांतला. मला खो द्यायचं आमच्या पोरांच्या लक्षातच राहत नसे. एकदा तर अख्खा डाव मी बसून काढला, उठलो तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून लंगडत बाहेर पडलो. तर लोकांना वाटलं गडी जखमी झाला, टाळ्या वाजल्या. खेळाडू म्हणून माझ्या आयुष्यातल्या टाळ्या तेवढ्याच.

पण बसून बसून एक नियम हाडात मुरला होता. खो मिळाला, उठलास, एका खांबाकडं तोंड केलंस, की तीच तुझी दिशा. खांबाला जाईपर्यंत मागं फिरायचं नाही. फिरलास की फाउल. ह्याला आमच्यात 'दिशा घेणं' म्हणतात. आणि मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब दिसले, की आमच्याकडच्या माणसाच्या डोक्यात दुसरा खेळ येतच नाही. खांबांबरोबर नियमांची एक इंग्रजी पुस्तिका आली होती. मी डिक्शनरी घेऊन बसलो. एके ठिकाणी लिहिलं होतं की चेंडू एकदा मैदानाच्या मधल्या रेघेपलीकडं नेला की परत अलीकडं आणता येत नाही. मी मांडीवर थाप मारली. म्हटलं, बघा! तोच नियम. जगात सगळे खेळ शेवटी खो-खोच. पुढची पानं वाचली नाहीत.

मग आमच्या मुरमाच्या मैदानावर जो खेळ सुरू झाला, तो दुरून बघणाऱ्याला कळत नसे. दहा मुली चेंडूमागं एका खांबाकडं धावत. चेंडू मधेच निसटला तरी कुणी मागं वळायचं नाही. आधी पुढं जाऊन खांबाला हात लावायचा, मग उलट निघायचं. शाळेच्या भिंतीवर बसलेली म्हातारी माणसं एकमेकांना विचारत, "पोरी खांबाला नवस फेडत्यात का काय?"

ह्या दहा मुलींत एक मुलगी बाकीच्यांच्या डोक्यांच्या वर दिसायची. पोरं तिला 'शेवगा' म्हणत. भिगवणला पुण्याची माणसं गाड्या करून लांब पायांची पाखरं बघायला येतात, आमच्या गावातल्या लांब पायांकडं मात्र तोवर कुणी नीट बघितलं नव्हतं. घराणं पूर्वीचं मेंढरांचं. बापानं कळप विकून चार एकर उसाला पाणी आणलं होतं, पण चाल मेंढपाळाचीच राहिली होती, लांब लांब ढांगांची. त्याला सगळा गाव आबा म्हणे. मी आबाला म्हटलं, पोरगी फार उंच आहे. आबा म्हणाला, "आमच्यात समदी उंचच आसत्यात मास्तर. लांबवर नजर जाया नको का?"

ही पोरगी माझा नियम सगळ्यांत इमानानं पाळायची. तिला चेंडू मिळाला की समोर दोघी-तिघी आडव्या येत. वळायला बंदी. थांबलं तर चेंडू हिसकावणार. मग राहिलं काय? वर. ती उडी मारायची. पहिल्यांदा मारली तेव्हा मी शिट्टी वाजवायचीच विसरलो. माझ्या चुकीच्या नियमानं त्या पोरीला एकच वाट मोकळी ठेवली होती आणि तिनं ती पकडली. हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटत होतं की मी फार चांगला शिकवतो.

बारामतीला निवड चाचणी होती. भिगवणहून एसटीनं आम्ही तिघं गेलो. मी, ती आणि आबा. आबाच्या खांद्यावर घोंगडी. उन्हाळ्यात घोंगडी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, "गावाला चाललोय न्हवं?" मैदान बघून पोरगी कडेलाच थांबली. खाली सिमेंट, रंगवलेल्या रेघा, आणि पुण्याच्या मुलींच्या पायांत बूट असे, की चालल्या तरी चीं-चीं वाजत. आमच्या पोरीच्या पायांत शाळेतल्या शिपायाच्या मुलाचे कॅनव्हासचे बूट होते.

खेळ सुरू झाला आणि पुण्याहून आलेले प्रशिक्षक हळूहळू खुर्चीतून पुढं सरकले. ती चेंडू घेई, सरळ घुसे, वर उडे. पण चेंडू गेला की सगळ्या मुली मागं धावत आणि आमची एकटी पुढं जाऊन खांबाला हात लावून येई. दर वेळी. प्रशिक्षकांनी शिट्टी मारली.

"हिला कुणी शिकवलं?"

मी छाती पुढं काढली. "मी."

"ही वळत का नाही?"

"दिशा घेतली की वळायचं नसतंच ना, साहेब."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या शिट्टीकडं बघितलं. मग त्यांना एकदम कळलं, आणि तो मोठा माणूस हसत हसत सिमेंटवर खालीच बसला. डोळे पुसले, उठला, आणि जरा वेळानं शांतपणे म्हणाला, "सर, वळायला आम्ही शिकवू आठ दिवसांत. पण असं घुसायला शिकवता येत नाही. पाठवा हिला पुण्याला, वसतिगृहात."

आबा लिंबाखाली घोंगडीवर बसला होता. मी जाऊन सगळं सांगितलं. खो-खोचं सोडून. त्यानं विचारलं, "तितं खायाला काय घालत्यात?" मी म्हटलं, अंडी, दूध, सगळं. मग त्यानं विचारलं, "माघारी कवा यील?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण आत्ताच झालेल्या फजितीनं माझी जीभ शिवशिवत होती, काहीतरी भारदस्त बोलून ती भरून काढायची होती. मी म्हटलं, "आबा, एकदा दिशा घेतली की वळायचं नसतं."

आबानं घोंगडी झटकली. "आमचा जलम वळण्यात गेला, मास्तर. दिवाळी झाली की मेंढरं कोकणात उतरायची. पर पावसाच्या आदी वळवून आनायचीच. न वळवंल त्यो धनगर कसला?"

मेंढरं राखण्याला आमच्याकडं मेंढरं वळणं म्हणतात. ज्याचं कामच वळणं, त्याच्या पोरीला मी दोन वर्षं वळू नको म्हणून शिकवत होतो. हा विनोद मला तेव्हा समजला नाही. बऱ्याच उशिरा समजला, आणि तेव्हा तो विनोद राहिला नव्हता.

ती गेली. पुढचं पेपरात येत गेलं. राज्याचा संघ झाला, मग राष्ट्रीय स्पर्धा. एका मोठ्या सरकारी खात्यानं खेळाडू म्हणून नोकरी दिली. मग देशाचा संघ. भारताचा निळा शर्ट घालून ती पहिल्यांदा खेळताना दिसली तेव्हा भिगवणच्या एका मासे-भाकरीच्या हॉटेलात आम्ही पंधरा-वीस जण मोबाइलभोवती गोळा झालो होतो. नियम सांगायचं काम अर्थात माझ्याकडं.

"तिला तीन का दिलं आन् हिला दोनच?"

"लांबून टाकला की तीन असतात."

"मंग समद्यांनी लांबनंच टाकावं की! जवळ जाऊन मार खायाचा कशाला?"

 पण ती जवळच जायची. जितकी गर्दी तितकी आत. पुढं ती परदेशातल्या व्यावसायिक लीगमध्ये गेली; आमच्या भागातून अशी जाणारी ती पहिलीच. तिथल्या समालोचकाला तिचं आडनाव नीट म्हणता येत नव्हतं, पण ती उडाली की तो ओरडायचा, तेवढं आमच्या हॉटेलवाल्यालाही समजायचं. तो कालवण ढवळायचा थांबायचा आणि विचारायचा, "ग्येली वर?"

तिची देशाच्या संघात निवड झाली तेव्हा गावानं हायवेच्या चौकात फ्लेक्स लावला. मजकूर आणि फोटो द्यायची जबाबदारी माझ्यावर. लागला तेव्हा बघतो तर तिच्या हातात व्हॉलीबॉल, आणि खाली 'मार्गदर्शक' म्हणून माझा फोटो तिच्यापेक्षा मोठा. व्हॉलीबॉल छपाईवाल्याची चूक. फोटो माझी. मी त्यासाठी इंदापूरला जाऊन स्टुडिओत नवा काढला होता, कोट भाड्यानं घेऊन. आबा सायकलवरून चालला होता. थांबला, फ्लेक्सकडं मान वर करून बराच वेळ बघत राहिला.

"ह्यात खेळतंय कोन?" त्यानं विचारलं.

मी दुसऱ्या दिवशी तो फ्लेक्स उतरवला. आता तो आमच्या गोठ्याच्या छपरावर आहे. म्हशीला पाऊस लागत नाही, एवढाच माझ्या मार्गदर्शनाचा उपयोग.

मग आबा गेला. पहाटे उसाला पाणी धरायला गेला होता. सरीचं दार मोडून पाणी पुढच्या सरीत सोडायचं म्हणून खोरं टेकवून वाकला, तो तसाच सरीत पडला. ती तेव्हा परदेशात होती आणि दुसऱ्या दिवशी तिच्या संघाचा अंतिम सामना होता. फोन मी लावून दिला, बोलली तिची आई. फार थोडं बोलली. "आबा ग्येलं गं," एवढंच मला ऐकू आलं. मग बराच वेळ नुसता कानाला लावून उभी राहिली, आणि मग फोन माझ्याकडं परत दिला.

ती सामना खेळली. जिंकली. राख सावडून झाल्यावर आली.

दहाव्याला कॅनॉलच्या काठावर बायका कुजबुजत होत्या. एक जण म्हणाली, "बाप ग्येला तरी पोरगी वळली न्हाय."

बाकी कुणी काय बोललं ते मी विसरलो. ते 'वळली न्हाय' मात्र माझ्या कानात जाऊन बसलं. मुरमाचं मैदान, गळ्यात शिट्टी आणि मी ओरडतोय: वळू नको, वळलीस की फाउल. मला वाटलं, ह्या पोरीच्या आयुष्याला नियम मी दिला आणि तो चुकीचा दिला. हे मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर बायको म्हणाली असती, तुम्ही स्वतःला समजता कोण? आणि तिचं बरोबर असतं. पण मन असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही.

त्याला काही वर्षं झाली. ह्या हिवाळ्यात ती घरी आली, आणि ह्या वेळी लंगडत आली.

डावा गुडघा. पूर्वी दोनदा ऑपरेशन झालेलं. आता आतली गादी झिजली होती. वयही पस्तिशीला टेकलं होतं. परदेशातल्या त्याच क्लबनं आणखी एका हंगामासाठी बोलावलं होतं आणि डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं: खेळायचं असेल तर खेळ, पण ह्या हंगामानंतर तो पाय चालायच्या कामाचा राहील असं मी लिहून देणार नाही. तिनं त्या दोघांनाही उत्तर दिलेलं नव्हतं.  सकाळी शाळेच्या कोर्टवर जायची, यायची, जेवायची, झोपायची.

मी निवृत्त होऊन घरी बसलेला. तिच्या आईनं मला बोलावणं पाठवलं. मी गेलो तर बाई गव्हाणीत वैरण टाकत होती. बसा म्हणाली नाही. मागं न बघताच बोलायला लागली.

"मास्तर, तुमीच तिला उठवलं हुतं हितनं. आता तुमीच बसवा."

"वहिनी, ती माझं ऐकेल असं नाही."

"तुमचंच ऐकती. माजं ऐकायची आसती तर तवाच ऐकली नसती का?" वैरणीची पेंढी तिनं म्हशीपुढं आपटली. "मला तिचा पैसा नको, नाव नको. तिचं नाव पेपरात लई आलं. मला ती चालताना दिसाया पायजे. आबा तर ग्येलं उभ्या उभ्या. ही बसून ऱ्हायली तर मी कुनाकडं बघू? तेवढं तिला बसवा. खेळायची बंद करा."

'बसवा' म्हणजे तिच्या बोलीत खेळणं सोडायला लावा. मला मात्र खो-खो आठवला. बसवणं हे एकच काम मला चांगलं जमेल, असं वाटलं.

रात्रभर मी भाषण तयार केलं. त्यातला मुख्य मुद्दा असा: पोरी, मी तुला खोटा नियम शिकवला. बास्केटबॉलमध्ये वळता येतं. एक पाय जमिनीवर रोवून ठेवायचा आणि दुसऱ्यानं हवं तिकडं फिरायचं, मागंसुद्धा. त्याला दोष लागत नाही. तेव्हा आता वळ. मला हे भाषण इतकं आवडलं की सकाळी चहा घेताना माझेच डोळे भरून आले.

शाळेत आता सिमेंटचं कोर्ट आहे. ती प्रसिद्ध झाल्यावर बांधलेलं. सकाळी उसाचे ट्रॅक्टर हायवेकडं निघालेले, त्यांच्या टेपचा आवाज दुरून येत होता. ती एकटीच होती. गुडघ्याला जाड पट्टा. एका जागी उभी राहून चेंडू टाकत होती. पडला की आणायला चालत जायची, चालत यायची. उडी नाही. आयुष्यभर जिला वर बघितलं ती जमिनीवर इतकी उंच दिसते हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मला पाहून तिनं चेंडू माझ्याकडं फेकला. तो मी पोटानं झेलला.

"आईनं पाठवलं ना?" ती म्हणाली.

"नाही गं. असाच आलो फिरायला."

"सर, तुम्ही कधी फिरायला जाता?"

मी भाषण सुरू केलं. पण तोंडातून क्रमानं येईना. सांगण्यापेक्षा करून दाखवावं, असं ठरवलं. म्हटलं, "हे बघ. हा उजवा पाय जागेवर. हलवायचा नाही. ह्याला म्हणतात—"

"पिव्हट."

"तेच. आणि आता हा दुसरा पाय असा उचलायचा आणि मागं..."

मी वळलो. उजवा पाय नियमाप्रमाणे जागेवर राहिला. चप्पलही राहिली. बाकीचा मी राहिलो नाही. कंबर सिमेंटवर आपटली तेव्हा चेंडू हातातून निसटून गेटपर्यंत गेला.

"सर!" ती धावत आली. धावली म्हणजे सवयीनं धावली. माझ्या काखेत हात घालायला खाली गुडघ्यावर बसली आणि तिच्या पट्ट्याच्या आतून एक बारीक आवाज आला, उसाचं कांडं मोडावं तसा.  माझ्या काखेतला हात हळूच काढून तिनं जमिनीवर टेकवला. उठायचा प्रयत्न केला. दुसरा हातही टेकवला. मग माझ्या शेजारीच मांडी न घालता, पाय सरळ सोडून बसली.

"लागलं का?" मी विचारलं.

"एक मिनिट, सर."

मिनिट होऊन गेलं. ती पुन्हा उठायला गेली. मी माझ्या परीनं तिला ढकललं, पण माझीच कंबर धरली होती. तिचं कपाळ घामानं भिजलं होतं, थंडीतसुद्धा. मग तिनं सोडून दिलं.

"सर," ती समोरच्या खांबाकडं बघत म्हणाली, "मला उठता येत नाहीये."

मी तिला लहानपणापासून ओळखतो. हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आणि मी मूर्ख माणूस, गप्प बसायचं सोडून राहिलेलं भाषण पुरं करायला लागलो. म्हटलं, हे सगळं माझ्यामुळं झालं. मी वळू दिलं नाही म्हणून तू उड्या मारत राहिलीस, म्हणून हा गुडघा गेला. मी वळू दिलं नाही म्हणून तू आबाच्या वेळीसुद्धा—

"थांबा," ती म्हणाली.

मी थांबलो.

"पुण्याला गेले त्या आठवड्यात मला वळायला शिकवलं, सर. आठ दिवसांत. त्यानंतर वीस वर्षं मी वळतेय. तुमचा तो नियम सांगून आम्ही वसतिगृहात हसायचो. उडी तुमच्यामुळं आली, ते खरं. ती चांगली होती. त्याचं मी वाईट वाटून घेत नाही, तुम्हीही घेऊ नका."

"आणि आबा?"

 ट्रॅक्टर गेला, त्याचं गाणं गेलं.

"त्या रात्री विमान मिळत होतं. संघातल्या सगळ्या जा म्हणत होत्या. मला वळता येत होतं, सर. मी वळले नाही. ते खो-खोमुळं नाही आणि तुमच्यामुळंही नाही. ते माझं आहे. जड आहे, पण माझं आहे. त्यावरसुद्धा तुमचा फोटो मोठा करू नका. फ्लेक्सवर केलात तेवढा पुरे."

मला त्या गोठ्यावरच्या फ्लेक्सची आठवण झाली. आबाचा प्रश्न आठवला: ह्यात खेळतंय कोन? बापानं विचारलं तेच पोरीनं विचारलं होतं.

 सिमेंट थंड होतं. ती पट्ट्यावरून हात फिरवत होती, जनावराच्या दुखऱ्या पायावरून फिरवावा तसा, खालून वर.

"तिथं आता सकाळ व्हायची असेल," ती म्हणाली. तिथं म्हणजे त्या क्लबच्या गावात. "दुपारी फोन करते त्यांना. नाही येत म्हणून सांगते." मग जरा थांबून म्हणाली, "उठले की."

एवढ्यात गेट वाजलं. तिची आई डेअरीला दूध घालून रिकामी किटली हातात घेऊन परत चालली होती. गेटपाशी पडलेला चेंडू तिनं बघितला, मग आत नजर टाकली. तिनं धाव घेतली नाही. किटली गेटजवळच्या ओट्यावर नीट ठेवली, पदर खोचला आणि आली.

"आये," पोरगी तिच्याकडं न बघता म्हणाली, "मी न्हाय जायची यंदा. बास झालं."

बाई पोरीच्या मागं जाऊन उभी राहिली, दोन्ही काखांत हात घातले, आपला गुडघा तिच्या पाठीला लावला आणि दात आवळून वर उचललं. ती उंच पोरगी एका पायावर उभी राहिली, थोडी हलली, मग आईच्या खांद्यावर हात टाकून स्थिर झाली. आई तिच्या खांद्यालाही पुरत नव्हती. दोघी तशाच उभ्या होत्या. आईनं तोंड फिरवून पदरानं पुसलं. पोरगी वर रिंगकडं बघत होती. मला वाटतं तिला तिकडं बघायचं नव्हतं, पण उंचीच तेवढी, नजर दुसरीकडं जाणार कुठं?

मग दोघी हळूहळू गेटकडं निघाल्या. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. मी सिमेंटवर तसाच. एक चप्पल पायात, एक लांब पडलेली. मला वाटलं, निदान ह्या खेपेला सांगितलेलं काम तरी झालं. भाषणानं नाही झालं, पण झालं. मी जरा खाकरलो, म्हणजे दोघींना माझी आठवण व्हावी.

बाई गेटपाशी थांबली, किटली उचलली, आणि मागं वळून माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तिला बसवा म्हनलं हुतं, मास्तर. तुमाला कुनी बसाया सांगितलं हुतं?"